जुगाराच्या जुन्या केसची नक्कल आधी काढा

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ मार्च 2022 पासून मराठवाड्यातल्या एका जिल्हा कारागृहात कच्चा कैदी म्हणून आहे. गुन्हा जबरी चोरीचा, भादंवि (भारतीय दंड संहिता) कलम 392 सह 34. बराकीत इतकी गर्दी की रात्री कुशीवर झोपावं लागतं, अंथरूण संडासाच्या दाराशी, अंगभर खरूज. शेजारचा कैदी बरेच दिवस खोकतो आहे, थुंकीत रक्त पडतं. वाचकांनी जिल्हाधिकारी, आमदार, मुख्यमंत्री कार्यालय सगळीकडे अर्ज पाठवले. तुरुंगातून उत्तर मिळालं की सुटकेच्या यादीत भावाचं नाव नाही, कारण त्याच्यावर जुनी केस आहे. ती केस 2017 ची, तिर्रट हा पत्त्यांचा जुगार खेळताना पडलेल्या धाडीची. ‘ती तर केव्हाच मिटली,’ असं ते लिहितात. आणि विचारतात, तुरुंगातल्या या हालांविरुद्ध दाद कुठे मागायची?

दादा, केस मिटली म्हणजे नेमकी कशी मिटली? भाऊ निर्दोष सुटला, दंड भरून सुटला, की तारखांना जाणं बंद केलं आणि घरच्यांनी मिटली असं धरलं? तुमच्या चार पानी पत्रात बराकीतली फरशी किती ओली असते तेही आहे, पण या केसचा नंबर नाही. अशी पत्रं मला सतत येतात आणि जवळपास प्रत्येकात हीच जागा कोरी असते. साडेतीन वर्षांच्या आसपास तुम्ही मंत्रालयापर्यंत धावलात आणि तालुक्याच्या कोर्टातला एक कागद काढला नाहीत. तुमच्या भावाची सुटका त्या कागदावर अडली आहे.

तुरुंगाच्या हालांबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला पटवून द्यायची गरज नाही. देशातल्या तुरुंगांतले चारातले साधारण तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबित झालेला नाही. गर्दीचं मूळ तिथे आहे. 2013 मध्ये माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांतल्या गर्दीबद्दल पत्र लिहिलं आणि त्यावरून 1382 तुरुंगांतल्या अमानुष परिस्थितीची याचिका उभी राहिली. त्याच याचिकेत 23 ऑगस्ट 2024 रोजी न्यायालयाने सांगितलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून आलेल्या कायद्याचं) कलम 479, म्हणजे ठरावीक काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याचं कलम, हे त्या तारखेच्या आधीच्या गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही लागू आहे. तेव्हा ‘तुमची केस जुनी, कायदा नवा’ असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

आता हिशेब. कलम 392 ला जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षं. (लूट रात्री हमरस्त्यावर झाली असेल तर चौदा, दोषारोपपत्र पाहून खात्री करा. आणि 394 किंवा 397 लावलंय का तेही पाहा. 394 ला जन्मठेपेची तरतूद आहे, आणि फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्याला कलम 479 लागूच होत नाही.) कलम 479 म्हणतं की कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की जामिनावर सोडायचं. पण ज्याला पूर्वी कधीही, कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरवलेलं नाही, त्याच्यासाठी एक तृतीयांश काळ पुरे, आणि सुटका बंधपत्रावर. म्हणजे जामीनदार, सातबारा, सॉल्व्हन्सी यांच्या मागे पळायचं काम नाही. दहा वर्षांचा तिसरा हिस्सा तीन वर्षं चार महिने. तुमच्या भावाचा तो काळ जुलै 2025 मध्येच भरला. निम्मा काळ मार्च 2027 मध्ये भरतो. या दोन तारखांमधलं अंतर त्या तिर्रटच्या केसवर ठरणार आहे.

तुरुंगातल्या यादीत नाव का गळलं असेल याचा मला अंदाज आहे. पोलिसांकडून आलेल्या तक्त्यात ‘पूर्वीचे गुन्हे’ असा रकाना असतो, त्यात 2017 चा जुगार दाखल दिसला आणि कारकुनाने नाव बाजूला ठेवलं. गुन्हा दाखल होणं आणि दोषी ठरणं यातला फरक त्या रकान्यात नसतो. कलमाचे शब्द मात्र दोषी ठरण्याबद्दलच आहेत. भाऊ त्या केसमध्ये निर्दोष सुटला असेल, किंवा सरकारने खटला मागे घेतला असेल, तर तो आजही पहिल्या वेळचाच आरोपी आहे. त्याच्या सुटकेसाठी कोर्टाकडे लेखी अर्ज करणं हे 479 च्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे तुरुंग अधीक्षकांचं कर्तव्य आहे. तो त्यांनी आपणहून करायचा असतो, तुम्ही विनंती करण्याची वाट पाहायची नसते.

पण मला भीती वेगळीच आहे. जुगार कायद्याच्या कलम 12 (अ) च्या केसेसमध्ये आपल्याकडे काय होतं ते मी रोज पाहतो. लोकअदालतीच्या दिवशी किंवा विशेष मोहिमेत पोरं रांगेत उभी करतात, कोणी तरी सांगतं, ‘कबूल म्हण, थोडा दंड भर, मोकळा हो.’ पोरगं कबूल म्हणतं, पावती घेतं, गावी जाऊन सांगतं की केस मिटली. कायद्याच्या भाषेत त्या दिवशी तो दोषी ठरला. रक्कम किती लहान होती याला महत्त्व नाही. ‘कोणत्याही गुन्ह्यात’ हे शब्द स्पष्ट आहेत. तसं झालं असेल तर एक तृतीयांशचा रस्ता बहुधा बंद आहे. मॅजिस्ट्रेटनी परिविक्षा कायद्याखाली (प्रोबेशनचा कायदा) शिक्षेऐवजी समज देऊन सोडलं असेल तर त्या कायद्याच्या कलम 12 वरून मी युक्तिवाद करीन, पण तो टिकेलच असं आज लिहून देणार नाही.

तिसरी शक्यताही आहे: केस अजून चालूच आहे, भाऊ तारखांना गेला नाही म्हणून वॉरंट निघालंय आणि फाइल पडून आहे. मग 479 चं दुसरं पोटकलम आडवं येतं, कारण एकाहून जास्त खटले चालू असतील तर या कलमाखाली सोडता येत नाही. अशा वेळी घरचे लोक घाई करतात आणि म्हणतात, ‘वकीलसाहेब, कबूल करून टाकू, दंड भरून टाकू.’ दादा, हे कृपा करून करू नका. आज कबुली दिली की तो दोषी ठरेल, आणि प्रलंबित खटल्याची अडचण काढता काढता एक तृतीयांशचा हक्कही जाईल. त्याऐवजी त्या कोर्टात भावाला व्हिडिओवरून हजर करून घ्या आणि जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 258 खाली खटला थांबवण्याचा अर्ज द्या. पंच, साक्षीदार इतक्या वर्षांत आलेच नसतील तर मॅजिस्ट्रेट तो ऐकतात, असा माझा अनुभव आहे. नाही ऐकला, तर पुरावा चालवा. जुगाराच्या धाडीतले पंच बऱ्याचदा फितूर होतात.

नक्कल कशी काढायची? जिथे केस चालली त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अंतिम आदेश आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद) दोन्हींच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा. नंबर नसेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर भावाच्या नावाने आणि पोलीस ठाण्याच्या नावाने शोधा. तिथे नसेल तर ठाण्यातून गुन्हा रजिस्टर नंबर घ्या. लहान खटल्यांची कागदपत्रं काही वर्षांनी नष्ट करतात. तसं झालं असेल तर तसा दाखला आणि कोर्टाच्या रजिस्टरमधल्या निकालाच्या नोंदीची प्रत मागा.

चालू खटल्याचा रोजनामाही काढा. आरोपीने स्वतः लावलेला विलंब 479 च्या हिशेबातून वजा होतो, आणि तुम्ही वकील बदलत राहिलात हे पत्रातच लिहिलंय. प्रत्येक नव्या वकिलाने मुदत मागितली असेल तर सरकारी वकील ती तारीख दाखवणारच. उलट, पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून भावाला कोर्टात आणलंच नाही, न्यायाधीश रजेवर, साक्षीदार गैरहजर, या तारखा त्याच्या माथी मारता येत नाहीत. गार्डअभावी वाया गेलेल्या तारखांचा मला मनस्वी राग येतो. एका माणसाला दाराबाहेर न्यायला दोन शिपाई मिळत नाहीत म्हणून तो आणखी महिनाभर त्या बराकीत कुजतो. त्या तारखांची वेगळी यादी करून अर्जाला जोडा.

नकलेतून कबुली निघाली तरी हातपाय गाळू नका. नियमित जामिनाचा रस्ता 479 मुळे बंद होत नाही. शिवाय मॅजिस्ट्रेटपुढच्या खटल्यात, पुराव्यासाठी नेमलेल्या पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी सगळा वेळ आत असेल, तर जामीन द्यायचा असतो (जुनं कलम 437 (6), आता 480 (6)). कोर्ट कारणं नोंदवून नाकारू शकतं आणि नाकारतंही. तरी इतक्या वर्षांच्या कोठडीनंतर ती कारणं वरच्या कोर्टात टिकणं अवघड असतं.

हे सगळं होईपर्यंत खोकणाऱ्या त्या माणसाचं काय? हे मात्र थांबू शकत नाही. चालू खटल्याच्या कोर्टात, पुढच्या तारखेची वाट न पाहता, भावाची वैद्यकीय तपासणी करून अहवाल मागवण्याचा अर्ज उद्याच द्या. त्यात थुंकीची तपासणी आणि खरजेवरचा उपचार स्पष्ट लिहा. शेजारच्या कैद्याची लक्षणंही लिहा, कारण त्याच्या घरचे लिहितील याचा भरवसा नाही. तुरुंगाच्या डॉक्टरांना जमत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्याची मागणी करा. न्यायाधीशांचा आदेश तुरुंगाच्या दवाखान्यात तुमच्या आमदारांच्या पत्राआधी पोचतो. भावाला त्रास होईल ही भीती रास्त आहे, म्हणून अर्जात कोणा शिपायाचं नाव घेऊ नका, आजार आणि जागेची अवस्था एवढंच मांडा. मानवाधिकार आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जा, त्यानंतर ते तक्रार घेत नाहीत. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात याचिका शेवटी, आणि तीही नकला हातात आल्यावर.

पुन्हा वकील बदलायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन नंबर 15100. प्राधिकरणाच्या सचिवांना भावाचं नाव जिल्ह्याच्या कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीपुढे ठेवायला लेखी सांगा. प्रधान जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. जुगाराच्या केसचा आदेश मिळाला की त्याचा फोटो मला पाठवा. आदेशाचा शेवटचा परिच्छेद पूर्ण दिसला पाहिजे, आणि खाली मॅजिस्ट्रेटांची सही व तारीख.