युरोपात दोन देशांच्या निर्मात्यांना टीव्ही ड्रामा मालिकेच्या लेखनासाठी अनुदान मिळतं का? भारतीय कंपनीला त्यात शिरता येतं का?

लेखनासाठी मिळतं, पण भारतीय कंपनीला थेट नाही. युरोपीय संघाच्या 'क्रिएटिव्ह युरोप' कार्यक्रमाच्या (2021-2027) मीडिया विभागात सह-विकासाची, म्हणजे चित्रीकरणाआधीची तयारी मिळून करण्याची, वेगळी योजना आहे. तिची मुख्य अट अशी की, किमान दोन सहभागी देशांतल्या, कुठल्याही वाहिनीच्या ताब्यात नसलेल्या निर्मिती संस्थांनी मिळून अर्ज करायचा. पैसा कथेचे हक्क, संशोधन, पटकथा, अंदाजपत्रक आणि वित्तयोजना यांसाठी असतो, चित्रीकरणासाठी नव्हे. मालिकेची एकूण लांबी किमान 90 मिनिटं हवी. या अटी युरोपीय आयोगाच्या अर्जासोबतच्या कागदपत्रांत स्पष्ट दिलेल्या असतात. दरवर्षी त्यांत थोडे बदल होतात, त्यामुळे चालू वर्षाचीच प्रत वाचा.

पूर्ण खर्च मात्र हा निधी उचलत नाही, उरलेला वाटा निर्मात्यांनीच उभा करायचा. माझ्या मते खरी मेहनत तिथेच आहे. वाहिन्या जोडून निर्मितीला पैसा देणारी टीव्ही आणि ऑनलाइन आशयाची योजना वेगळी, तिचा अर्जही वेगळा. नॉर्डिक देशांसाठी (स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क वगैरे) 'नॉर्डिस्क फिल्म अँड टीव्ही फोंड' हा निधीही पर्याय आहे.

एक मेख: ब्रेक्झिटनंतर ब्रिटन या कार्यक्रमाबाहेर आहे. म्हणून लंडनची कंपनी आणि एकच फ्रेंच कंपनी, एवढ्यावर सह-विकासाची अट पूर्ण होत नाही.