पऱ्हाटी विकावी की बायोचार करावा?

प्रश्न : वर्धा जिल्ह्यात आमची सहा एकर कोरडवाहू कपाशी आहे. व्यापारी पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची झाडं) स्वतः काढून नेतो, एकरी १,५०० रुपये देतो. दुसरीकडे बायोचारची (कमी हवेत जाळून केलेल्या, मातीत घालायच्या कोळशाची) लोखंडी भट्टी ८५,००० रुपयांना मिळते आहे, १२ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्जही मिळेल. घ्यावी का?

ताई, भट्टीसाठी कर्ज काढू नका. हप्ता महिन्याला १,८९० रुपयांच्या आसपास येईल, म्हणजे वर्षाला जवळपास २२,७००. एकरी टनभर वाळली पऱ्हाटी धरली, तर सहा टनांतून फार तर दीड टन बायोचार निघेल. हंगामात मोजके दिवस पेटणाऱ्या भट्टीचा हप्ता बारा महिने भरणं कोरडवाहू शेतीला झेपत नाही.

पण सगळी पऱ्हाटी विकूही नका. सहा एकरांचे ते ९,००० रुपये निव्वळ नफा नाहीत, कारण पऱ्हाटीबरोबर जमिनीतला पालाशही गाडीत भरून जातो. बायोचार केला तर पालाश बराचसा राहतो आणि त्यातला कर्ब (कार्बन) मातीत कित्येक दशकं टिकतो. नत्र मात्र बरंचसं उडून जातं, तेव्हा शेणखत किंवा युरिया त्याच्या भरवशावर कमी करू नका.

भट्टी विकणारे उत्पन्नवाढीचे आकडे दाखवतील. माती कोणती होती, ते आधी विचारा. मोठी वाढ बहुधा आम्लधर्मी, हलक्या जमिनीत दिसते. आपली काळी माती मुळातच विम्लधर्मी. शिवाय प्रयोगांत हेक्टरी दहा टनांसारख्या मात्रा असतात. त्या हिशेबानं तुमचा सगळा बायोचार अर्ध्या एकरालाही पुरणार नाही.

म्हणून यंदा चार एकरांची पऱ्हाटी द्या, ६,००० रुपये हाती येतील. त्यातून माती परीक्षण करा, मजुरी भागवा. उरलेल्या दोन एकरांची पऱ्हाटी शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात थराथरानं जाळा आणि राख व्हायच्या आत पाण्यानं विझवा. विहिरीला पाणी असतानाच हे उरका. बोंडअळीची पऱ्हाटी धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवायचीच नसते, तेही काम यात होतं. सुमारे ५०० किलो बायोचार मिळेल. तो शेणखतात मुरवून एकाच एकरात, ओळीत टाका. शेजारचा एकर तसाच ठेवून दोन्हींचा कापूस वेगळा तोला.

कार्बन क्रेडिटचे, म्हणजे कर्ब मातीत साठवल्याबद्दल मिळू शकणारे पैसे हिशेबात शून्य धरा. मोजणी, तपासणी, नोंदी यांचा खर्च सहा एकरांवर निघत नाही. शेतकऱ्यांचा गट करून करार करायला कोणी आलं, तर सही करण्याआधी मसुदा मला पाठवा.