लीपस्टर एक्सप्लोरर कंपनीनं लॉक केलेला असतो का? त्यावर स्वतःचे प्रोग्राम चालतात का?

तुम्ही विचारलंय की भावानं अमेरिकेहून मुलासाठी आणलेला लीपस्टर एक्सप्लोरर (लीपफ्रॉग कंपनीचा, मुलांनी हातात धरून खेळायचा गेमसंच) पडून आहे, त्यावर स्वतः लिहिलेला प्रोग्राम किंवा डूमसारखा गेम चालेल का, की कंपनीनं तो लॉक केलाय. खालच्या एका उत्तरात "लॉक आहे, नाद सोडा, फोनवर एम्युलेटर (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) टाका" असं ठोकून दिलंय. ते चूक आहे. आत लिनक्स आहे, आणि तुम्ही बांधलेला प्रोग्राम चालवण्याआधी त्यावर कंपनीची सही आहे का हे तो तपासत नाही. लोकांचा प्रोग्राम चालत नाही, कारण तो चुकीच्या कंपायलरनं (लिहिलेल्या कोडपासून चालणारी फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामनं) बांधलेला असतो.

आधी यंत्र तेच आहे ना, ते बघा. २००३ चा लीपस्टर आणि २००८ चा लीपस्टर २ वेगळे. त्यांच्यात एआरसी जातीचा प्रोसेसर आहे, गेम फ्लॅश नावाच्या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरवर चालतात. त्यांना यातलं काहीच लागू नाही. एक्सप्लोरर २०१० चा. त्यात पोलक्स चिप आहे, म्हणजे एआरएम ९२६ कोअर. लीपफ्रॉगच्याच २००८ च्या डिज या गेमसंचात हीच चिप आहे, आणि जीपी२एक्स विझ नावाच्या कोरियन हँडहेल्डमध्येसुद्धा. विझ घेणारे तो होमब्रूसाठीच, म्हणजे हौशी लोकांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामसाठीच घ्यायचे. त्याच चिपवर मुलांचं चित्र चिकटवलं की लगेच "खेळणं ते, त्यावर काय चालणार" सुरू होतं.

लॉकचा हा वाद मी एका ओळखीच्या माणसाशी बरेच दिवस घातलाय. त्यानं साधा हॅलो वर्ल्ड बांधला, यंत्रावर टाकला, चालवला. शेलनं सांगितलं, "नॉट फाउंड". फाइल यादीत दिसतेय, चालवण्याची परवानगी दिलेली आहे, तरी नॉट फाउंड. त्यानं निष्कर्ष काढला की कंपनीनं कुलूप लावलंय. वास्तविक शेलला सापडत नव्हता तो डायनॅमिक लोडर, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी जोडून तो सुरू करणारी फाइल. फाइल रीडएल्फनं (प्रोग्राम-फाइलची माहिती दाखवणारी कमांड) उघडून इंटरप्रिटरची ओळ वाचा, म्हणजे लोडरचं नाव कळेल. तिथे एलडी-लिनक्स-आर्मएचएफ असं काहीतरी दिसेल, आणि यंत्राच्या लिब फोल्डरमध्ये त्या नावाची फाइलच नसते. कारण 'गनू ईएबीआय एचएफ' टूलचेन (कंपायलर आणि लायब्ररींचा संच) वापरली, म्हणजे हार्ड फ्लोट: दशांश अंकांचं (फ्लोटिंग पॉइंटचं) गणित हार्डवेअरवर सोपवणारी. या यंत्रावरची सिस्टीम त्या पद्धतीची नाही.

मग त्यानं तोच प्रोग्राम स्टॅटिक बांधला, म्हणजे लायब्ररी फाइलमध्येच घातली, लोडरची भानगड नको. आता संदेश आला, "इल्लीगल इन्स्ट्रक्शन". कारण उघड आहे: डेबियन या लिनक्सच्या हार्ड फ्लोट टूलचेनची लायब्ररी एआरएमव्ही७ या नव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी बांधलेली असते, आणि हा कोअर जुन्या व्ही५टीई पिढीचा. लायब्ररीतच व्ही७ च्या सूचना असल्यावर तुमच्या कोडला व्ही५ चा फ्लॅग देऊन उपयोग नाही.

तिसऱ्यांदा त्यानं सॉफ्ट फ्लोटची (दशांश गणित साध्या सूचनांनी करणारी) 'गनू ईएबीआय' टूलचेन घेतली. हे बरोबर होतं, तरी "फेटल: कर्नल टू ओल्ड". इथे बहुतेक जण हात टेकतात. नव्या जीलिबसीला (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) किमान ३.२ आवृत्तीचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लागतो, आणि एक्सप्लोररवर २.६ मालिकेतला आहे. लायब्ररी सुरू होतानाच कर्नलची आवृत्ती बघते आणि थांबते. तीन संदेश, तीन वेगळी कारणं, आणि एकातही कंपनीचा हात नाही.

उपाय एका ओळीचा आहे: मसल या छोट्या सी लायब्ररीवर आधारलेली सॉफ्ट फ्लोट टूलचेन घ्या, कंपायलरचा मार्च (प्रोसेसरची पिढी सांगणारा) पर्याय व्ही५टीई ठेवा, स्टॅटिक बांधा. मसल २.६ कर्नलवर चालते. नाहीतर त्या काळातली कोडसोर्सरीची टूलचेन शोधून जुन्या डिस्ट्रोच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवा. मला मसल सोपी वाटते. पहिला प्रोग्राम हॅलो वर्ल्डच ठेवा. थेट एसडीएल (गेमसाठीची ग्राफिक्स लायब्ररी) घेऊन बसलात तर चूक कुठे आहे ते कळणार नाही.

आत शिरायच्या वाटा दोन. ठरावीक बटणं दाबून चालू केलं की यंत्र यूएसबीवरून 'सर्जन' नावाची छोटी सिस्टीम रॅममध्ये घेतं. आतली नँड फ्लॅश (कायमची साठवण असलेली मेमरी चिप) बिघडलेली असली तरी सर्जन चढतो, म्हणून फ्लॅश बिघडली की यंत्र मेलंच असं नाही. सर्जन चढला की यूएसबीवरच नेटवर्क मिळतं. संगणकावरून फाइली पाठवायला ओपनएलएफकनेक्ट हा प्रोग्राम आहे, पण ते पायथन २.७ चं आहे, आजच्या डिस्ट्रोवर ते मुद्दाम बसवावं लागेल. दुसरी वाट सिरियल कन्सोलची, म्हणजे तारांवरून थेट यंत्राशी अक्षरांत बोलण्याची: गेम कार्ट्रिजच्या खाचेतल्या पिनांवर, वेग (बॉड रेट) ११५२००, ८एन१ (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट), फ्लो कंट्रोल बंद. यूएसबी-टीटीएल अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच घ्या. जंपर ५ व्होल्टवर राहिला तर पिन जळेल, आणि जुन्या पीसीचा सिरियल पोर्ट तर अजिबात जोडू नका. टीएक्स (पाठवणारी तार) समोरच्या आरएक्सला (घेणारी), ग्राउंड ग्राउंडला. अक्षरं कचऱ्यासारखी आली तर बॉड रेट चुकलाय. काहीच आलं नाही तर टीएक्स-आरएक्सची अदलाबदल करून बघा.

काहीही लिहिण्याआधी नँडची प्रत काढा. प्रॉक एमटीडी या फाइलमधून पार्टिशनची (फ्लॅशच्या भागांची) यादी घ्या, एकेक पार्टिशन नँडडंप कमांडनं वाचून नेटकॅट कमांडनं नेटवर्कवरून संगणकावर पाठवा, कारण फ्लॅशची प्रत रॅममध्ये मावत नाही. परत लिहिताना डीडी ही साधी कॉपी कमांड वापरू नका. नँडमध्ये कारखान्यातूनच काही बॅड ब्लॉक (वापरता न येणारे तुकडे) आलेले असतात. डीडीला ते कळत नाहीत आणि पुढचं सगळं सरकतं. आधी फ्लॅश-इरेज, मग नँडराइट या कमांड वापरा.

स्क्रीन ३२० बाय २४०. फ्रेमबफरवर (स्क्रीनवरचं चित्र ठेवणाऱ्या मेमरीवर) लिहिण्याआधी कंपनीचा मेनू प्रोग्राम बंद करा, नाहीतर तुमचं चित्र दिसून लगेच पुसलं जाईल. चित्राच्या एका ओळीची मेमरीतली लांबी स्क्रीनची रुंदी गुणिले एका ठिपक्याचे बाइट अशी स्वतः धरू नका, ड्रायव्हरला विचारा. चित्र तिरकं, पायऱ्यापायऱ्यांचं आलं तर हीच चूक असते. बटणं लिनक्सच्या नेहमीच्या इनपुट इव्हेंटमधून येतात.

डूम इथे छान बसतो. तो मुळात ३२० बाय २०० चा आणि त्यातलं गणित फिक्स्ड पॉइंटचं (पूर्णांकांवरच चालणारं), त्यामुळे फ्लोटिंग पॉइंटचं काही अडत नाही. गेमबॉय १६० बाय १४४ चा, तोही आरामात मावतो. फ्लोटवर चालणारे नवे थ्रीडी गेम मात्र डोक्यातून काढा.

राहिलेल्या गोष्टी. यूएसबी केबलमधून यंत्राला वीज मिळते असं धरू नका. ताजे चार एए सेल घाला किंवा त्याचाच ९ व्होल्टचा अडॅप्टर लावा. फ्लॅश लिहिताना सेल बसले तर ते पार्टिशन अर्धवट राहतं आणि सर्जन चढवून पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागतं. बरीच वर्षं पडून असलेल्या यंत्रात सेल गळलेले असतात, आधी सेलचा कप्पा उघडून स्प्रिंगांवर हिरवट-पांढरा थर आहे का बघा. असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, आणि पूर्ण वाळू द्या. डूमची शेअरवेअर फाइल फुकट वाटायला परवानगी आहे, बाकी गेमच्या फाइली स्वतःच्या मालकीच्याच वापरा. आणि मूल अजून त्यावर खेळत असेल तर त्या यंत्राला हात लावू नका, यासाठी दुसरं जुनं घ्या.