जुन्या धाटणीचा फुटबॉल शर्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मंडळाच्या समर्थकांसाठी 1970च्या ब्राझीलसारखे 40 शर्ट करायचे आहेत. प्रिंटिंगवाले पॉलिस्टरच घ्या म्हणतात. घ्यावं का? (निपाणी)

उत्तर : घेऊ नका. खेळाडूला घामासाठी पॉलिस्टर ठीक, पण त्याची चकाकी 1970चा भास होऊ देत नाही. तेव्हाचे शर्ट सुती होते. तिरुपूरचं 200 ते 220 जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचं) सुती इंटरलॉक, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं विणीचं कापड मागा. हाफ बाहीच्या एल मापाला पाव किलो कापड धरलं, तर 40 शर्टांना दहा किलो लागेल. शिवाय गळ्याला आणि बाहीला लावायची हिरवी रिब, म्हणजे ताणणारं उभ्या रेघांचं विणीचं कापड, एक किलो. कापड कॉम्पॅक्टिंग केलेलं, म्हणजे गिरणीतच यंत्रावर आधी आटवलेलं नसेल तर कापण्याआधी भिजवून वाळवा. पाच टक्के आटलं तरी 72 सें.मी. उंचीचा शर्ट साडेतीन सें.मी.नं आखूड होतो.

खरी गंमत गळ्यात आहे, आणि बहुतेक शर्ट तिथंच फसतात. गळ्याचा घेर 50 सें.मी. असेल तर रिब 42-43 सें.मी. कापून, सारखी ताणून शिवायला सांगा. घेराएवढीच रिब लावली की गळा लोळतो आणि दोन धुण्यांत पसरतो. बाहीच्या टोकालाही हिरवी रिब हवी. पाठीवरचा नंबर हिरवाच. बिल्ल्यावर तारे मात्र नकोत. ते 1970च्या, म्हणजे तिसऱ्या विश्वविजयानंतर आले. मुद्दाम तडे दाखवणारी छपाईही आमच्या मते टाळावी. शर्ट जुना व्हायला हवा तो वापरून.

प्रश्न : गेल्या वर्षीच्या शर्टांवरचे नंबर तडकले आणि मरून रंग पांढऱ्या पट्ट्यांवर उतरला. (खानापूर)

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत. नंबर छापायच्या प्लॅस्टिसॉल (तापवून पक्की होणाऱ्या प्लॅस्टिकच्या) शाईचा थर तळापर्यंत 160 अंशांच्या आसपास तापावा लागतो. घाई केली की वरचा पापुद्रा सुकतो, आतली शाई कच्ची राहते. पहिला शर्ट गार झाल्यावर नंबर दोन्ही हातांनी ताणून बघा. तडा गेला तर बाकीचे पुन्हा तापवून घ्या. मरून कापडावर ओलं पांढरं फडकं घासा. रंग लागला तर कापण्याआधीच ते कापड गरम साबणपाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मिठाच्या पाण्यानं सुटा रंग पक्का होत नाही. तुमच्याकडच्या पावसात ओले शर्ट घडी करून ठेवले तरी रंग उतरतो, बुरशीही धरते.

प्रश्न : 1974च्या हॉलंडच्या शर्टावर काळ्या पट्ट्या किती? (बेळगाव)

उत्तर : तीन, पण कर्णधार योहान क्रायफच्या शर्टावर दोनच, कारण त्याचा करार प्युमाशी होता आणि तीन पट्ट्या आदिदासच्या. पट्ट्या छापण्याऐवजी होजिअरी कापडाच्या शिवा. साधी फीत ताणत नाही, चुण्या पडतात. बाही जोडल्यावर, बगलेची शिवण घालण्याआधी, कापड सपाट असतानाच त्या बसवा. शर्ट विकणार असाल तर तीन पट्ट्या आणि संघाचा बिल्ला दोन्ही वगळा, ती नोंदणीकृत चिन्हं आहेत.