पिशवीला हो म्हणण्याआधी आमचा तुकड्यांचा घोळ वाचा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि आमचे आबा आठवले. गुदद्वारापासून आठ सेंटीमीटरवर मोठी गाठ, बायोप्सीत कॅन्सर नाही पण पेशी बिघडलेल्या, आणि डॉक्टर म्हणतात पोटावर शौचाची कायमची पिशवी. आमचंही अगदी हेच होतं. कॉलोनोस्कोपी, एमआरआय झालंच असेल, त्यावर लिहीत नाही.

आम्हाला घाई नडली. पेरणीचे दिवस, मुंबईला कोण जातंय! इथल्याच एका सेंटरवाल्यांनी (नाव घेत नाही) ‘आत्ताच काढून टाकू’ म्हटलं, आम्ही खूश. तारेचा फास टाकून पाच-सहा तुकड्यांत गाठ काढली, सगळे तुकडे एकाच बाटलीत. रिपोर्टात एक ओळ: कडा सांगता येत नाहीत. म्हणजे मुळाशी काही उरलं का, ते कळायची सोयच गेली. चार महिन्यांत गाठ तिथंच परत आली, तीही जुन्या व्रणाला घट्ट चिकटून. पुढच्या सर्जनने स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागितले, तर लॅबवाले ‘साहेब नाहीत, सोमवारी या’. असे तीन सोमवार घातले बघा!

शेवटी मुंबईत गुदमार्गातूनच ऑपरेशन झालं, पोटावर एक टाका नाही. चार सेंटीमीटर रुंद नळी घालतात, कार्बन डायऑक्साइडने आत जागा फुगवतात आणि कॅमेऱ्यात बघत गाठ आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीसकट अखंड कापतात. जर्मनीच्या गेरहार्ड ब्यूस यांनी १९८३ च्या सुमारास सुरू केलेली ही पद्धत, टेम (ट्रान्सएनल एंडोस्कोपिक मायक्रोसर्जरी) म्हणतात. त्या नळीऐवजी मऊ पोर्ट (तोंडाशी बसवायची झडप) लावून त्यातून लॅपरोस्कोपीची, म्हणजे पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचीच हत्यारं घातली की टॅमिस. काढलेली गाठ कॉर्कवर टाचण्यांनी ताणून लॅबला गेली, म्हणजे कडा नीट तपासता येतात. तो फोटो बघून मला ती बाटली आठवली.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते, पटलं तरच घ्या. सर्जनला विचारा, ‘अख्खी काढणार की तुकड्यांत?’ तुकड्यांत म्हणाले तर का ते समजून घ्या, साध्या गाठी तशा काढतातही. उत्तर टाळलं तर फाइल उचला. पण गाठ खोल उतरली असेल तर मोठं ऑपरेशनच बरोबर, आणि अखंड काढूनही रिपोर्ट वाईट आला तर तेच करावं लागतं. पिशवी सांगणारा प्रत्येक जण लुटारू नसतो.

एक कुणी सांगत नाही: नंतर काही आठवडे आबांना गॅस धरता येत नव्हता. जुनी धोतरं जास्तीची न्या. कॅन्सर निघालाच तर मुंबईत राहायला दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, कागद सोबत ठेवा.