ताबा, वहिवाट आणि मालकी

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: चोरीच्या मूर्तींच्या बातम्यांत कधी 'मूर्तीचा ताबा' छापतात, कधी 'मूर्तीची मालकी'. दोन्ही एकच का?

मुळीच नाही. वावर एकाच्या नावावर आणि पेरतो चुलतभाऊ, असं आपल्याकडे गावोगाव आहे. धुऱ्याचं भांडण कोर्टात गेलं की वकील आधी हेच विचारतो, "सातबारा कोणाचा अन् वहिवाट कोणाची?" ताबा आणि मालकी हे दोन्ही शब्द मुळात अरबी. ताबा म्हणजे अंकित असणं, म्हणून 'ताबेदार'. वस्तू आज कोणाच्या हाती आहे, एवढंच त्यातून कळतं. हक्क कोणाचा, ते मालकी सांगते.

तमिळनाडूतल्या पत्तूरचा नटराज घ्या. १९७६ साली तिथल्या पडक्या मंदिराजवळ एका मजुराला खोदताना ही मूर्ती सापडली आणि हातोहात विकली जात लंडनला पोचली. तिथे एका कंपनीने ती विकत घेतली. पोलिसांनी जप्त केल्यावर कंपनीनेच पोलिसांवर दावा लावला. पैसे मोजले होते, व्यवहार सरळ मनाने केला होता. पण चोराकडे मालकी नव्हतीच, तर विकणार काय? १९९१ मध्ये अपील न्यायालयानेही निकाल मंदिराच्या बाजूने कायम ठेवला. मंदिर पडकं, तरी ते दावेदार ठरू शकलं! इंग्रजी कायद्याला हे नवल वाटलं असेल. इथे देवस्थानच्या जमिनीची मालकी देवाची आणि पुजारी नुसता वहिवाटदार, हे तलाठ्याला नव्याने सांगावं लागत नाही.

नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनहून आली, तेव्हा 'परत मिळवली' असे मथळे झळकले. राज्य सरकारने ती लिलावात सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली, म्हणून मी 'विकत घेतली' असंच लिहीन. 'परत मिळवली' म्हटलं की दावा जिंकल्याचा भास होतो, आणि इथे तर मालकीचा वाद कोर्टात गेलाच नाही. मूर्तीचं 'प्रत्यार्पण'ही नको. ते आरोपींचं होतं. 'परत दिली' पुरे.

याच वाचकाने जाता जाता विचारलंय, वखरताना हंडा लागला तर 'सापडला त्याचा' म्हणायचं ना? ताबा त्याचा, हो. पण माल दहा रुपयांहून जास्त किमतीचा असला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, आणि मालक कोण ते त्यानंतर ठरतं.