आधी घोड्याचं पाणी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. क्रिमियातल्या बालाक्लावाला तोफांच्या तोंडी गेलेल्या आठव्या हुसार या इंग्रजी रिसाल्यातला साधा स्वार चार वर्षांनी ग्वाल्हेरला आपल्या झाशीच्या राणीवर चालून येतो, आणि त्याच्याबद्दल लिहिताना तुझे डोळे भरून येतात. हा राणीशी द्रोह तर नाही ना, असं विचारतेस. माझ्यापाशी एकच उत्तर आहे. आधी त्याच्या घोड्याचं पाणी बघ, मग त्याचा न्याय कर.

माझे आजोबा साताऱ्यात टांगा चालवत. पहाटे उठून घोड्याला पाणी, मग खरारा, मग भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा. तोबरा रिकामा झाल्याशिवाय ते स्वतःच्या चहाला हात लावत नसत. लहानपणी हे रोज पाहिलं, आणि तरी ग्वाल्हेरजवळच्या कोटा की सरायच्या, राणीच्या शेवटच्या लढाईवर दिवाळी अंकात लिहिलेला माझा पहिला लेख नुसत्या तलवारींचा होता. लोकांनी वाखाणला. एका निवृत्त रिसालदारांनी मात्र पत्रात एकच ओळ लिहिली, 'त्या दिवशी घोड्यांना पाणी कधी पाजलं?' मला सांगता येईना. सापडल्यावरच उत्तर देऊ म्हणून थांबलो आणि तोवर ते गेले. पुढे लेख नव्यानं लिहिला, तर संपादकांनी चारापाण्याचा मजकूरच काढला. मी लेख परत मागवला. हेकट म्हणाले मला. म्हणू देत. त्या एका बाबतीत मी आजही हटणार नाही.

25 ऑक्टोबर 1854 ला साडेसहाशेहून जास्त स्वार बालाक्लावाच्या त्या दरीत उतरले. तुझी बारा पानं त्या काही मिनिटांवर खर्ची पडली आहेत. वाचलेल्या घोड्यांचं पुढे काय झालं? त्या हिवाळ्यात त्यांतले कित्येक उपासमारीनं मेले. भुकेनं एकमेकांच्या शेपट्या आणि आयाळी चावून खाल्ल्या. चंदी, म्हणजे घोड्यांचा दाणा, बंदरात पडून होती, छावणीपासून अवघ्या काही मैलांवर, पण चिखलातून ती वर येईना. स्वार रोज घोड्यापाशी जायचा तो रिकाम्या हातानं. तुझा माणूस तिथे सापडेल, पोरी. हल्ल्यात शोधू नकोस.

आपल्याकडे शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा आणि बारगिराला सरकारी घोडा मिळायचा. 1817 मध्ये उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या देशी रिसाल्यांत इंग्रजांनीही शिलेदारी चालू ठेवली. घोडा मेला की शिलेदाराची पोटापाण्याची सोयच बुडायची. तुझा हुसार मात्र बारगीर. घोडा सरकारचा, जीव मात्र त्याच्याच पाठीवर टांगलेला.

आता कोटा की सरायची लढाई, 17 जून 1858. त्या उन्हात हल्ला करून परतलेल्या हुसारांना खोगिरात धड बसवेना, इतके ते गळून गेले होते. या लढाईसाठी त्यांना चार व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांची सर्वांत मोठी शौर्यपदकं, मिळाले. चौघांची निवड सोबत्यांनीच मतं देऊन केली आणि त्यांत जॉर्ज हॉलिस नावाचा नालबंद होता. नालबंद! तुझ्या टिपणात त्याचं नाव नाही, याचा मला खरंच राग आला. घोड्यापासून सुरुवात केली असतीस, तर तो सुटला नसता.

आणि राणी? आपल्या घराघरांत काय सांगतात? घोडा नवा होता, ओढ्यापाशी अडला. मग तिच्या घोड्याचंही विचार की. त्या सकाळी त्याला कुणी पाणी दाखवलं, किती मजल मारून आला होता, मांड नवी होती का? दोन्हीकडच्या जनावरांना ऊन एकच लागत होतं. ते लिहिण्यात द्रोह कुठे आला?

पुढच्या पत्रात मला हल्ला नको. क्रिमियातल्या हिवाळ्याचा एकच दिवस पाठव, पहाटे घोडे पाण्यावर नेण्यापासून अंधार पडेपर्यंतचा. दोन पानं पुरेत. संक्रांतीपर्यंत पोचू दे. मी घरीच आहे.